जुनी रेसर आणि मुरमाचे रस्ते: नाशिक, त्र्यंबक, वैतरणा, घोटी

काकांनी ऐंशीच्या दशकात इंग्लंडहून पाठवलेली रॅले कंपनीची रेसर सायकल आमच्याकडे माळ्यावर बरीच वर्षं पडून होती. बाकदार हँडल, फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांचं लेबल, गिअरचे दांडे खालच्या तिरक्या नळीवर. भाच्याच्या डोक्यात ग्रॅव्हल सायकलचं, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेल्या बाकदार हँडलच्या सायकलचं, खूळ शिरलंय. लाखाच्या घरातली एक सायकल त्याने बघूनही ठेवली होती. रेसर खाली काढली तेव्हा तो म्हणाला, "मामा, हिच्यावर डांबर सोडून कुठे जाता येणार नाही."

मला हे पटलं नाही. रेसर फक्त डांबरावरच चालवायची, ही समजूत डांबर सगळीकडे पोचल्यावरची आहे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९११ साली आल्प्समधली गालिबिए खिंड पहिल्यांदा शर्यतीत आली, तेव्हा ते गडी कच्च्या रस्त्यानेच चढले होते. इटलीत टस्कनीमध्ये १९९७ पासून लेरोइका नावाची फेरी निघते. तिच्यात सायकल १९८७ किंवा त्याआधीची लागते, गिअरचे दांडे नळीवरच हवेत, आणि वाटेत मैलोगणती पांढरे कच्चे रस्ते. पांढऱ्या मातीवर चालणारी सायकल आपल्या तांबड्या मुरमावर का चालू नये?

आपल्याकडे भात सोंगणीच्या दिवसांत मुरूम चांगला दबलेला असतो. म्हणून दिवाळी झाल्यावरचे तीन दिवस ठरवले: त्र्यंबक, वैतरणा, घोटी आणि दारणेच्या खोऱ्यातून परत. भाचा त्याची पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन येणार, मी रेसर.

निघण्याआधी

प्रश्न होता चाकांचा. मूळ चाकं २७ × १¼ मापाची. या मापाचे चांगले टायर आता शोधत फिरावं लागतं. टायर रिमवर बसतो तो व्यास या चाकांत ६३० मिमी, तर आजच्या ७००सी चाकांत ६२२ मिमी. म्हणजे नवी रिम घातली की ब्रेकचं रबर ४ मिमी खाली यायला हवं. जुने सेंटर-पुल ब्रेक (केबल मधोमध ओढते ते) लांब हातांचे असल्यामुळे रबर खाचेत खाली सरकवलं आणि भागलं. हब तेच ठेवले, ३६ भोकांचे. त्यांवर जुन्या नाशकातल्या मिस्त्रीने ॲल्युमिनियमच्या रिम आणि नव्या तारा बसवल्या आणि निवांतपणे आउट काढून दिला. जुन्या स्टीलच्या चकचकीत रिम दिसायला झकास होत्या, पण ओल्या झाल्या की त्यांवर ब्रेक म्हणजे नुसती विनंती.

टायर घातले ३५ मिमीचे. हिशोब केला तर ६२२ वर ३५ चा टायर आणि ६३० वर ३२ चा टायर बाहेरून जवळपास सारखेच भरतात, व्यासात जेमतेम २ मिमीचा फरक. त्यामुळे सायकलची उंची आणि वळण्याची ढब काकांच्या वेळचीच राहिली. चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये, टायरच्या दोन्ही अंगांना चार-चार मिमी जागा उरली, मागे त्याहून थोडी कमी. नळ्या ठोकून जागा वाढवा, असं सांगणारे भेटतात. ते मला अजिबात मान्य नाही. पातळ पत्र्याची नळी आहे, तिच्यात बसेल तेवढाच टायर घालावा. आणि ज्या रेसरमध्ये २५ च्या वर टायर जातच नाही, तिला गुमान डांबरावर ठेवावं. जुन्या सगळ्याच सायकली या कामाच्या नाहीत. मडगार्डसाठी जागा सोडलेल्या, जरा लांब बांध्याच्या असतात त्याच चालतात.

गिअरच्या चकत्या पुढे ५२-४२ आणि मागे १४-२८ दातांच्या होत्या. ४२ आणि २८ वर पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल सव्वातीन मीटर जाते. डांबरी चढाला ठीक, पण मुरमावरच्या चढाला उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागेवरच फिरतं, त्यामुळे बसूनच चढावं लागतं. म्हणून स्वस्त गिअरच्या सायकलींना असतं ते सात चकत्यांचं १४-३४ फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा जुडगा) घेतलं. ते जुन्या १२६ मिमीच्या हबवर बसतं. ३४ दातांपर्यंत जुना डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पोचेना, म्हणून साध्या एमटीबीचा लांब दांडीचा लावला. नळीवरचे जुने दांडे खटखट करत नाहीत, नुसते सरकतात, त्यामुळे डिरेलर कुठल्याही कंपनीचा असला तरी त्यांना सोयरसुतक नाही. आता एका पॅडलला २.७ मीटर. गुडघ्यांनी आभार मानले.

आणखी एक काम केलं. ऐंशीच्या रेसरना हँडलच्या वरच्या आडव्या भागावर जादाचे ब्रेक-लिव्हर असायचे, ते काढून टाकले. ते अर्धवट दाबले जातात आणि उतारावर दगा देतात.

पहिला दिवस: गंगापूर रोड, गिरणारे, बेझे, त्र्यंबक

सहाला निघालो. गंगापूर रोडला सकाळी सायकलवाले पुष्कळ दिसतात. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, नाशिक-पंढरपूर सायकल वारीही दरवर्षी निघते, त्यामुळे या गावात सायकलवाल्याला लोक वेड्यात काढत नाहीत. रेसर बघून दोघांनी थांबवून "विकायची का?" विचारलं. एकाने तर फोटोही काढून घेतला.

सोमेश्वर, गंगापूर गाव, मग गिरणारे. इथपर्यंत डांबर. गिरणाऱ्यात टोमॅटोचा बाजार भरात होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्रेटच्या थप्प्या, मधून पिकअप गाड्या, खाली पडून चिरडलेल्या टोमॅटोंचा लालभडक चिखल. त्यावरून सायकल काढणं हे खडीवरून काढण्याइतकंच जपून करायचं काम. गरम भजी आणि चहा झाला, बाटल्या भरून घेतल्या.

गिरणाऱ्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडला आणि धरणाच्या फुगवट्याच्या बाजूने, गावागावांत विचारत, बेझ्याची दिशा धरली. द्राक्षबागांची छाटणी उरकली होती, कोवळे फुटवे तारांवर चढायला लागले होते. बागांमधून जाणारे ट्रॅक्टरचे रस्ते मुरमाचे. इथे मला रेसरची पहिली परीक्षा घ्यायची होती.

मुरूम म्हणजे आपल्या काळ्या पत्थराचाच झिजून सुटा झालेला थर. दाणे वाटाण्यापासून बोराएवढे, आणि त्यांना धरून ठेवणारी बारीक माती. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी तो दाबला जातो आणि पाऊस ओसरला की घट्ट बसतो. दिवाळीनंतर महिना-दीड महिना तो सायकलसाठी उत्तम. मार्चनंतर माती उडून जाते आणि दाणे सुटे होतात, मग तोच रस्ता चाकाखालून घसरायला लागतो. आम्ही ऐन मोक्याच्या वेळी आलो होतो. मागच्या चाकात ५० आणि पुढच्यात ४५ पीएसआय हवा ठेवली होती. अंगठ्याने दाबलं तर टायर थोडा आत जावा, इतपत. २३ च्या टायरात ११० भरण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे पंक्चरच वाटेल.

पहिल्याच मैलात हात शिकले. हँडल घट्ट धरलं की प्रत्येक दगड खांद्यापर्यंत पोचतो. ब्रेक-लिव्हरच्या बुडख्यांवर हात सैल ठेवले, कोपरं वाकवली, एक गिअर जड टाकून पॅडल सावकाश पण सलग मारलं, की सायकल स्वतःच वाट काढते. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांपैकी कुठलीही एक धरायची आणि मधला गवताचा वरंबा ओलांडायचा असेल तर तिरकं नाही, जवळपास आडवं जायचं. लांब बांधा आणि वाकडा चिमटा इथे कामाला येतो: पुढचं चाक दगडावर आपटलं की चिमट्याचं टोक डोळ्यांना दिसेल इतकं लवतं.

भाचा मागे होता. त्याचा शॉकॲब्सॉर्बर प्रत्येक पॅडलला खाली-वर डुलत होता आणि सव्वादोन इंची टायर घुं-घुं आवाज करत होते. सपाट मुरमावर मी त्याच्यापुढे सहज. पण एका ओढ्यात रस्ता मोडला होता आणि डोक्याएवढे गोटे पसरले होते. तिथे तो बसल्या बसल्या पार झाला आणि मी सायकल खांद्यावर घेऊन.

बेझ्याला चक्रतीर्थापाशी थांबलो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गुप्त होऊन इथे पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. कुंडाच्या कडेला बसून डबे उघडले, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. एक आजोबा शेजारी येऊन बसले. रेसरकडे बघून म्हणाले, "आमच्याकडं पण होती असली. पण हँडल सरळ करून घेतलं व्हतं, दुधाचे कॅन अडकत नव्हते."

बेझ्यापासून त्र्यंबकपर्यंत डांबर, पण कामं सुरू असलेलं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर असल्यामुळे नाशिक-त्र्यंबक भागात रस्ते जागोजागी खणलेले. टँकर पाणी मारून गेले होते, धूळ बसली होती, पण सायकल गुडघ्यापर्यंत माखली. त्र्यंबकला लॉजवाल्याने सायकली खोलीत न्यायला आधी नकार दिला. चाकं पुसून दाखवली तेव्हा कबूल झाला. कुशावर्तावर जाऊन आलो, खिचडी खाल्ली, नऊला झोपलो.

दुसरा दिवस: पहिने, वैतरणा, कावनई, घोटी

पेगलवाडी फाट्यावरून घोटीचा रस्ता धरला. उजवीकडे ब्रह्मगिरी, डावीकडे अंजनेरी, मधून खिंडीकडे चढणारा रस्ता. पावसाळ्यात पहिन्याला धबधब्यांसाठी जी झुंबड उडते, तिचा आता मागमूस नव्हता. कणसांचे बंद पडलेले स्टॉल तेवढे उरले होते.

पहिन्याच्या पुढे एका वाडीकडे जाणारा रस्ता घेतला. पुढे जाऊन तो वैतरणेच्या बाजूला उतरतो, असं चहावाल्याने सांगितलं होतं. सांगितलं ते खरं, पण त्या रस्त्याचं नुकतंच खडीकरण झालं होतं. खडी पसरलेली, वर मुरूम अजून पडलेला नाही, रोलर एका कडेला उभा. रस्ता करताना आधी ही मोठी खडी अंथरतात, मग तिच्या फटींत मुरूम भरतात, पाणी मारतात आणि रोलर फिरवून सगळं एकजीव करतात. आम्ही पोचलो ते पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधे. काळा पत्थर क्रशरमध्ये फुटला की त्याला धारदार कडा येतात. एकेक तुकडा लिंबाएवढा, आणि सगळे सुटे.

इथे रेसर हरली. स्पष्टच सांगतो, हरली. पुढचं चाक दोन तुकड्यांच्या मधे रुतलं की हँडल हातातून हिसकलं जातं. जोर लावावा तर मागचं चाक खडी उडवत जागेवर फिरतं. ३५ चा टायर तुकड्यांच्या वरून जात नाही, मधून जायला बघतो. भाच्याची एमटीबी तेवढी डुगडुगत का होईना, पुढे सरकत होती. मी कडेच्या गवतावरून चालवत होतो आणि गवत संपलं तिथे ढकलत.

खडी संपता संपता उतार लागला आणि मागून "फट्‌" आवाज आला. ट्यूब काढून बघितली तर दोन बारीक भोकं, शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर. काटा नाही, खिळा नाही. हवा कमी आणि दगड धारदार असला की टायर दबून ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली जाते, त्याची ही खूण. अशा वेळी टायरमध्ये काटा शोधत बसू नये. ट्यूब बदलली आणि खडीचे रस्ते आहेत तोवर हवा ५५ पर्यंत वाढवून घेतली. हादरे जास्त बसले, पण ट्यूब टिकली. ट्यूबचा चिमटा आणि मनगटाचा दुखरेपणा यांत काय सोसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी मनगटं सोसली.

शेजारच्या खाचरात भात सोंगणी चालली होती. पेंढ्या बांधणाऱ्या एका मावशी विळा हातात घेऊनच बांधावर आल्या.

"काय झालं दादा, पंचर?"

"हो मावशी. निघालंच आता."

"त्या नव्या रस्त्यानं आले का? अवो, जुनी वाट व्हती ना खालून. आमी तिथूनच जातो. खडी आमच्या बैलांना पण नको वाटती."

जुनी वाट खाचरांच्या कडेने खाली जात होती, पायवाटेहून थोडी रुंद, पूर्ण दबलेल्या तांबड्या मुरमाची. त्या वाटेने तासाभरात जेवढं खाली आलो, तेवढं खडीवरून येताना दिवस मावळला असता. उतारावर हात हँडलच्या खालच्या बाकात ठेवले की दोन बोटांत ब्रेक नीट लागतो आणि वजन खाली येतं. सेंटर-पुल ब्रेक आजच्या डिस्क ब्रेकसारखे चटकन धरत नाहीत, त्यामुळे वळण दिसायच्या आधीच वेग मोडायचा. भाचा डिस्कच्या भरवशावर वळणापर्यंत येऊन करकचून दाबायचा आणि दर वेळी मागचं चाक घसरवायचा. त्याला त्यात मजा येत होती, ते वेगळं.

मग वैतरणेचं पाणी दिसलं. ऊर्ध्व वैतरणा धरणाचं हे पाणी पार मुंबईला जातं. फुगवटा ओसरू लागला होता आणि काठाने गवताळ, सपाट, कडक मुरमाचा पट्टा मोकळा झाला होता. तीनही दिवसांत सायकल खरी चालली ती इथे. ५२ ची मोठी चकती पहिल्यांदाच वापरली. टायरखाली बारीक करकर, दक्षिणेला कळसूबाईची रांग, अलंग-मदन-कुलंगचे कातळ. म्हशी पाण्यातून माना वर करून बघत होत्या. भाच्याने मागून ओरडून सांगितलं, "मामा, थांबा की, फोटो काढायचाय." थांबलो नाही. असा रस्ता रोज मिळत नाही आणि फोटो काढणारे रोज भेटतात.

कावनईला कपिलधारा तीर्थावर हातपाय धुतले. तिथून घोटीपर्यंत डांबर आणि खड्डे, दोन्ही सारख्याच प्रमाणात. घोटी हे भाताचं गाव, भात गिरण्यांचं गाव. या दिवसांत ट्रॅक्टरच्या रांगा आणि हवेत तुसाची धूळ. जेवायला गरम भात, पिठलं, मिरचीचा ठेचा. भाच्याने भात तीनदा मागून घेतला.

तिसरा दिवस: घोटी, बेलगाव कुऱ्हे, भगूर, नाशिक

महामार्गाने नाशिक दोन तासांचं. पण ट्रकच्या वाऱ्यात जीव मुठीत धरून जाण्यात काय अर्थ आहे? दारणेच्या खोऱ्यातून, बेलगाव कुऱ्हे, अस्वली, लहवीत अशी गावं घेत निघालो. दारणा धरण १९१६ चं, इंग्रजांच्या काळातलं. या पट्ट्यात भातखाचरं हळूहळू संपतात आणि भाजीपाला, ऊस सुरू होतो. अस्वली स्टेशनच्या अलीकडे रुळांना लागून एक वाट आहे, ती मोहात पाडते. पण रुळांखालची खडी सांडत सांडत वाटेवर आलेली, आणि कालच्या खडीने आमचं पोट भरलं होतं. गावातल्या पाणंदीने गेलो.

लहवीतच्या पुढे सलग डांबर लागल्यावर भाचा म्हणाला, "मामा, जरा बदलू या?" सीट दोन बोटं खाली केली आणि रेसर त्याच्या हातात दिली. नळीवरच्या दांड्याला हात घालताना पहिल्यांदा त्याची सायकल नागमोडी झाली, चेन दोन चकत्यांच्या मधे कुरकुरली. मग सापडलं त्याला. भगूरच्या अलीकडेच तो दिसेनासा झाला. मी त्याच्या पंधरा किलोच्या धुडावर, डुलणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरसकट, घाम गाळत मागे. देवळाली कॅम्पात तो उसाच्या गुऱ्हाळावर दुसरा ग्लास संपवताना सापडला.

नाशिकरोडची गर्दी, मग द्वारका, मग घर. दुपारचे दोन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये दोघांनी मिळून सायकल उघडली. चाकांचा आउट जागेवर होता, एकही तार सैल नव्हती. पॅडलच्या एक्सलमधलं ग्रीस मात्र तांबडं झालेलं, आत मुरमाची माती. या जुन्या एक्सलना आजच्यासारखं बंद सील नसतं, त्यामुळे कच्च्या रस्त्यावरून आलं की उघडून धुवावेच लागतात. पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. नवे आणले, कप रॉकेलने धुतले, ग्रीस भरलं. ब्रेकची रबरं निम्मी झिजली होती, तीही बदलली.

भाच्याने लाखाच्या सायकलचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय आणि ओळखीपाळखीत कुणाच्या माळ्यावर जुनी रेसर आहे का, ते विचारत फिरतोय. मोठ्या चिमट्याचीच बघ, असं त्याला बजावलंय. जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला सायकलनेच जायचं म्हणतोय. तिकडचे रस्ते पाटाच्या कडेचे, आणि पाटाला पाणी सुटलं असेल तर काळी माती ओली. चार मिमीच्या जागेत ती माती बसली की चाक फिरायचंच थांबतं, मग काडीने उकरत बसा. म्हणून निफाडकडच्या एका पाहुण्यांना फोन करून पाटाचं आवर्तन कधी आहे ते विचारून ठेवलंय.